कमानीत कुणीच नव्हतं

चष्मेवाला फ्रेंच माणूस तिपाई घेऊन आला तेव्हाच आम्ही ओळखलं, हा सरकारचा हेर.

कापुआच्या जुन्या रिंगणाच्या कमानींत आमची अकरा घरं होती. रोमन लोक तिथे माणसं झुंजवायचे, आम्ही दोरखंडांसाठी वाख विंचरायचो. दिवसच असे होते, की चर्चमध्ये शेजारणीनं ‘आमेन’ जरा मोठ्यानं म्हटलं तरी आम्ही संशयानं मान वळवायचो. त्यात पुराणवस्तूंच्या कचेरीनं दवंडी पिटली होती, की रिंगण रिकामं करायचं. जो तिथे राहत असल्याचं दिसेल त्याला गावाबाहेर खोली मिळेल. खोलीवर कुणाचा विश्वास बसणार? आधी नावं गोळा करायची, मग पोरं पलटणीत न्यायची, हे आम्हाला पाठ होतं.

फ्रेंच माणसानं छायाचित्राच्या पेटीवर काळं कापड टाकलं आणि मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, “टोपण काढलं की हलू नका. हललात तर चित्रात उमटणार नाही.”

“ऐकलंस?” जेल्सोमिना माझ्या कानाशी लागली. तिचा नवरा दम्यानं अंथरुणाला खिळलेला. कमानीतली ओल त्याला खात होती, पण तोंडानं ती आमच्यात सगळ्यांत खमकी. “हलणारा सापडत नाही म्हणे.”

“मग हलू या की!” कमी ऐकणारे क्रेशेन्झोकाका, मी कानात ओरडून सांगितल्यावर, म्हणाले. “मला पाय हलवायची सवय आहेच. बायको जन्मभर शिव्या घालत आली, आज कामाला येईल.”

टोपण निघालं आणि आम्ही सुरू झालो. कुणी बादली घेऊन येरझारा घातल्या, कुणी कोंबडीमागे धावलं. जेल्सोमिना तर नवऱ्याच्या दारासमोर गोल गोल फिरली. बिचारा फ्रेंच हात जोडून ओरडत होता. आम्हाला काय मजा!

दोन महिन्यांनी कचेरीतून कमानींतल्या कुणालातरी बोलावणं आलं. नवऱ्याचा दमा वाढला होता, खोली हवीच होती, म्हणून जेल्सोमिना गेली. तिथे काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं.

कारकून डॉन लिबोरिओनं फ्रेंच माणसानं कचेरीसाठी काढलेलं छायाचित्र पुढे सरकवलं. “बघा बाई. दगड, गवत, वाखाच्या गंज्या. माणूस कुठाय?”

“गंज्या काय आपोआप रचल्या गेल्या?”

“गंज्या कुणीही आणून ठेवील. राहणारं माणूस दाखवा.”

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. कमानीपुढे धुरासारखं काहीतरी होतं. “ही मी! ही बघा.”

“हा तर डाग आहे.”

“अहो, तो डागच मी आहे!”

डॉन लिबोरिओ हसला नाही. ती हटेना, रडेना, जाईनाही. शेवटी कंटाळून त्यानं वही काखेत मारली आणि म्हणाला, “चला, दाखवा तुमची माणसं.”

आता आमचं ऐका. लांबून कारकून दिसला, काखेत वही दिसली, आणि पायांनी डोक्याला विचारलंच नाही. क्षणात रिंगण ओस. मी वाखाच्या गंजीमागे, काका हौदात, पोरं भुयारात.

“बाहेर या गं!” जेल्सोमिना ओरडली. “मीच आणलंय यांना!”

तिला त्यांनी पकडून आणलं असेल, असं आम्हा प्रत्येकाला वाटलं.

“रिकामं आहे,” डॉन लिबोरिओ म्हणाला.

तेवढ्यात आतून तिच्या नवऱ्याचा खोकला आला. लांबलचक, न थांबणारा. त्याला कुठे लपता येणार होतं?

“एक,” कारकुनानं लिहिलं. “आणि तुम्ही, दोन. बाकी?”

आता खोली जेल्सोमिनाला आणि तिच्या नवऱ्याला मिळणार होती. बाकीच्यांचं तिनं सोडून दिलं असतं, तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. पण ती जागची हलली नाही, गंजीकडे बघत उभी राहिली.

मी उठले. केसांत वाखाचे धागे, गुडघे मातीनं भरलेले.

“नाव?”

“नाव कशाला हवं?”

जेल्सोमिनानं मला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं.

मी नाव सांगितलं. बापाचंही सांगितलं. मग हौदाकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि तिथे आमचे काका आहेत. त्यांना ऐकू जरा कमी येतं, मोठ्यानं हाक मारा.”