भावाची मांजर

नऊ तासांच्या रस्त्यात भावाची मांजर मागच्या सीटवर टोपलीत घसा फुटेस्तोवर ओरडत होती. त्याच्या रिकाम्या घरात तिला ठेवणार तरी कुणाच्या भरवशावर? भाऊ गेल्याचं आईला अजून सांगितलं नव्हतं. तिचं हृदय नाजूक.

“आज म्हणायचं, तो दवाखान्यात आहे,” थोरलीने नवऱ्याला पुन्हा बजावलं. “उद्या डॉक्टरांना बोलावून सांगू.”

“बरं. मागच्या बाईसाहेबांना माझी गाडी काही पसंत नाही,” तो उगाच हसला.

दारात आईची नजर आधी टोपलीवर गेली.

“अगं, हिला कशी आणलीस? एका रात्रीसाठीसुद्धा तो हिला कुणाला देत नाही.”

“आई, तो दवाखान्यात...”

आई उंबऱ्यावरच बसली. “किती दिवस झाले?”

“चार,” थोरली म्हणाली.