टेबलाखालचा राऊटर

मिस्त्रीचा सगळा आरोप एकट्या मशीनवर होता. मशीन जुनं, बिचारं, तोंड नसलेलं, त्यामुळे खटला एकतर्फी चालला होता.

लाकडात खाच पाडायचं ते राऊटर मशीन एके काळी त्याच्या गळ्यातला ताईत होतं. दोन्ही हातांनी धरून लाकडावरून फिरवलं की खाच कशी रेघ मारल्यासारखी. गेल्या वर्षापासून मात्र खाच सरळ म्हणून जाईना. मिस्त्रीने बेअरिंग बदललं, कार्बन बदलले, शेवटी वायरसुद्धा बदलली. खाच आपली नागमोडीच. "मशीन थरथरतंय," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि सांगताना उजवा हात खिशात घालायचा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याने हाताखालच्या माणसांच्या तोंडावर आयुष्यभर फेकली होती. आता नाच त्याचा स्वतःचा होता, आणि अंगण खरोखरच वाकडं आहे असं त्याचं ठाम मत होतं.

त्यात दातांच्या डॉक्टरबाईंनी दवाखान्याच्या कपाटांची दारं परत पाठवली. दाराच्या चारी पट्ट्यांना खाच असते आणि मधली फळी त्या खाचेत घट्ट बसते. यांची खाच रुंद झालेली, त्यामुळे फळी आत सैल.

"दार उघडलं की खुळखुळतं हो, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "खुर्चीतला पेशंट आधीच घाबरलेला असतो, त्यात हे. नवी करून द्या. नाही जमलं तर मोकळेपणाने सांगा, दुसरीकडे देते."

बाई गोड बोलल्या, पण 'नाही जमलं तर' हे शब्द आजवर त्याला कुणी ऐकवले नव्हते. ही दारं जमली तर काम चालू, नाही तर वर्कशॉपला कुलूप, असं त्याने घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं. आणि ठरवलेलं मागे घेणाऱ्यातला तो नव्हता, हे त्याच्या बायकोला चांगलं माहीत होतं. वर्कशॉपमधलं पॉलिशचं सगळं काम तिच्याकडे असायचं.

"डॉक्टरला दाखवू या का?" तिने चहा पुढे करत विचारलं.

"डॉक्टर बेअरिंग बदलून देतो का?" तो म्हणाला. मग कपात डोकावून म्हणाला, "आणि हा काय चहा? अर्धा कप! वर्षभर बघतोय, तुझा हात दिवसेंदिवस आखडत चाललाय."

ती नुसती हसली.

त्याच्या डोक्यात टेबल शिरलं होतं. राऊटर उलटा करून टेबलाखाली टांगायचा, फिरणारं बिट, म्हणजे खाच पाडणारं पातं, तेवढं वर काढायचं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. मशीन हातातच नाही म्हटल्यावर थरथरणार कसं? टेबल दोघांनी मिळून घरीच केलं, जाड फळीचं, लाकूड टेकवायला मागे सरळ आडवी पट्टी लावलेलं. राहिला फक्त नवा राऊटर निवडायचा, आणि त्याची चौकशी मिस्त्रीने मुलीसाठी स्थळ बघावं तशी केली.

दुकानदाराने नवराबायकोपुढे दोन मशीनं काऊंटरवर ठेवली. हलकं मिस्त्रीने बोटानेच बाजूला सारलं.

"हे हातात धरून चालवायला ठीक. टेबलाखाली दिवसभर टांगलं तर धाप लागून मरेल. याला अर्ध्या इंचाचं बिट तरी बसतं का?"

"तुम्हाला काय सांगायचं, मिस्त्री! मग हे दुसरंच घ्या. मोठ्या बिटाला वेग कमी करता येतो, चालू होताना झटका नाही. उंची वरूनच, टेबलाच्या भोकातून चावी घालून बदलायची, खाली वाकायला नको. फक्त जड आहे. हातात धरायला त्रास होईल."

"हातात धरतोय कोण!" मिस्त्री इतक्या खुशीत म्हणाला की बायकोने त्याच्याकडे वळून पाहिलं.

दुकानदाराने मशीन दुकानातल्या टेबलाला लावलं आणि चावी पुढे केली. मिस्त्रीचा हात खिशातच राहिला.

"तू फिरव गं. तुला जमलं म्हणजे कुणालाही जमेल."

तिने चावी फिरवली. बिट केसभर वर आलं आणि थांबलं. दुकानदाराने मशीन चालू केलं, गल्ल्यातून एक नाणं काढलं आणि टेबलावर कडेवर उभं केलं. मशीन गरगरत राहिलं, नाणं जागचं हललं नाही.

"बघ! याला म्हणतात मशीन," मिस्त्री म्हणाला.

जुनं मशीन बदल्यात द्यायला आणलं होतं. दुकानदाराने ते चालू करून वर तळहात ठेवला. "आवाज आहे थोडा. पण थरथर अशी काही..."

"लाकडाला लागलं की कळतं!" मिस्त्री खेकसला. दुकानदाराने मिस्त्रीच्या बायकोकडे पाहिलं. ती फळीवरच्या खोक्यांवरची अक्षरं वाचत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंची तिनेच लावली. लाकूड दाबून धरायला त्याने दातेरी फळीही बसवली होती. मशीन चालू झालं, मिस्त्रीने दोन्ही हात खिशांतून बाहेर काढले आणि दाराची पट्टी उभी धरून पुढे सरकवली. दातेरी फळीपर्यंत पोचायच्या आधीच पट्टी बिटावर डुचमळली. खाचेचं तोंड फाकलं. दाराची मधली फळी घालून पाहिली तर खुळखुळली. दुसऱ्या पट्टीचं तेच झालं. तिसरी तर बिटाने त्याच्या हातातून हिसकावली.

"टेबल हलतंय," तो म्हणाला.

तिने पायाखाली पाचर ठोकली. पुढच्या पट्टीचंही तेच झालं.

"मशीनच खराब दिलंय त्याने. थांब, नाणं दे. आत्ता कळेल."

मशीन बंद होतं. त्याने नाणं टेबलावर उभं केलं, ते पडलं. परत उभं केलं, परत पडलं. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून केलं, तेव्हा ते घरंगळत भुशात गेलं.

"तू लाव," तो म्हणाला.

तिने नाणं उचललं, पदराने पुसलं आणि जरा थांबली. मुद्दाम पाडता आलं असतं. आणखी एक मशीन बदललं असतं, आणखी काही महिने निघाले असते. पण तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. तिने नाणं बिटाशेजारी उभं केलं आणि बटण दाबलं.

नाणं उभंच राहिलं. दोघं बघत राहिले. मग त्याने स्वतःचा हात टेबलावर नाण्याशेजारी ठेवला, तेव्हा नाणं पडलं.

तिने मशीन बंद केलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"कप अर्धा भरायला लागले तेव्हापासून."

त्याने बिघडलेल्या पट्ट्या गोळा करून भिंतीशी लावल्या. मग त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

"डॉक्टरबाईंना लावून दे," तो म्हणाला. "नाही जमलं म्हणून सांगतो."