निळ्या वेलीची रकाबी

दसरा झाला, सासूबाईंचं गाव सोडून शहरात आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला यायचं ठरलं, आणि रकाबीचा घोळ सुरू झाला.

चिनी मातीची ती खोलगट रकाबी फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात सगळ्यांच्या ओळखीची. काठाला निळी वेल, मधोमध डाळिंबाची फांदी, एका बाजूला टवका उडालेला. माझ्या सासूबाई साळूबाई आणि शेजारच्या चतुराबाई, या दोघींमध्ये ती जन्मभर ये-जा करत राहिली. इकडून हुरडा गेला की तिकडून धपाटी यायची, तिकडून खरवस आला की इकडून शेंगदाण्याची चटणी जायची. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नेम. घरात काहीच नसलं तर गुळाचा खडा तरी ठेवायच्या.

माझ्या नवऱ्यानं, विश्वजीतनं, मोबाइलवर तशीच रकाबी पाहिली. निजामाच्या काळातली म्हणे. लगेच शोकेसमध्ये तिची जागा ठरली. जन्मात स्वतःचं ताट न उचललेल्या माणसाला रकाबीचा पुळका!

"पण ही हाय कुणाची?" त्यानं विचारलं.

"चतुराची," सासूबाई म्हणाल्या. "माहेराहून आणली आसंल तिनं."

चतुराबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माही कशाची? साळूचीच हाय ती."

लोक माझं माझं म्हणून भांडतात, या दोघी तुझं तुझं म्हणून भांडल्या.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी रकाबीत पुरणपोळ्या घालून चतुराबाईंकडे दिल्या. घरी येऊन पदरानं डोळे पुसले. "आता कशाचं येणं व्हतंय माघारी," म्हणाल्या. त्यांना धास्ती होती ती एवढीच, की गाव सुटलं म्हणजे चतुराही सुटली.

सकाळी आम्ही गाडीत सामान भरत होतो, तेव्हा चतुराबाई आल्या. हातात रकाबी, घासूनपुसून लख्ख. आणि रिकामी. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"चतुरे, रिकामी आणलीस?"

"व्हय. भरून द्यायची ऱ्हायली माह्याकडं. ज्वारी हुरड्यात आली की ही घेऊन ये. नाय आलीस तर गावात नाव माहं खराब व्हईल."

सासूबाईंनी रकाबी मांडीवर घेतली. शोकेसचं नाव काढायची विश्वजीतची हिंमत झाली नाही. शहर येईपर्यंत त्या एकच विचारत होत्या, औंदा हुरडा कधी येईल.