दुसरा संच

शनिवारी सकाळी पावणेदहाला बाईंचा फोन वाजला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बोलत होती, आता इस्पितळात परिचारिका असलेली.

"बाई, तुम्ही पाठवलेली फाईल उघडतच नाहीये. दोनदा क्लिक करून बघितलं."

"मी? मी तुला काहीच पाठवलेलं नाही गं."

"तुमच्याच ईमेलवरून आलीय. नऊ बत्तीसला. आमच्या वॉर्डातल्या तिघींनाही आलीय."

नऊ बत्तीसला बाई आंघोळ करत होत्या. "उघडू नकोस. त्यांनाही सांग," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि त्या तडक पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसल्या.

सव्वीस वर्षं त्या नर्सिंग कॉलेजात औषधशास्त्र शिकवत होत्या. वर्गात एक थेंब इकडचा तिकडे झालेला त्यांना खपायचा नाही. मुली त्यांना पाठीमागे 'मिलिलिटर' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

ईमेल उघडला. 'पाठवलेले' कप्पा रिकामा. त्यात गेल्या आठ वर्षांची पत्रं असायला हवी होती. मग त्यांनी कचऱ्याची टोपली उघडली. तिथे सकाळपासूनच्या सूचना एकाखाली एक पडल्या होत्या: नवीन ठिकाणाहून प्रवेश, नवीन ठिकाणाहून प्रवेश, तुमचा फोन नंबर बदलला आहे. बाई वाचत असतानाच आणखी एक सूचना वर आली आणि त्यांनी हातही न लावता आपोआप टोपलीत जाऊन पडली.

घरात चोर शिरलाय आणि आपण खुर्चीत बसून त्याला कपाट उचकटताना बघतोय, असं त्यांना वाटलं.

नणंदेचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. ती एका इस्पितळातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल करायची. वयाची पंचेचाळिशी उलटली तरी घरात ती 'छोटी'च होती. बाईंनी तिला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"वहिनी, मागची इंटरनेटची वायर ओढून काढ. आत्ता. मी फोन धरून आहे."

बाई टेबलाखाली वाकल्या. वायर निघेना. खटका दाबून ओढायची असते हे त्या क्षणी त्यांना आठवेना. शेवटी खसकन ओढली तेव्हा डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

"निघाली."

"आता त्या मशीनवर एक अक्षरही टाईप करू नकोस. काही शिरलं असेल तर तू बदललेला पासवर्डही तो घेऊन जाईल. मी माझा लॅपटॉप घेऊन निघालेय."

पायांत चपला कशाबशा अडकवून ती दहा मिनिटांत हजर झाली. चहाला नाही म्हणाली, यावरूनच बाईंना प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

छोटीने स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या फोनच्या इंटरनेटवर खात्याचं 'पासवर्ड विसरलात का?' हे पान उघडलं. "बघ, त्याने खात्याला दुसराच नंबर जोडलाय. शेवटचे आकडे एक्केचाळीस. तुझा पासवर्ड मात्र अजून बदललेला नसावा. बदलला असता तर तू लगेच जागी झाली असतीस. त्याला गुपचूप काम उरकायचंय. पण तू वायर काढलीस. तो सावध झाला असेल तर आता बदलेल. जुना टाक, पटकन."

बाईंनी जुना पासवर्ड टाकला. चुकीचा.

"बदलला त्याने!"

"थांब. अक्षर मोठं होतं का पहिलं?"

होतं. बाईंनी पुन्हा, एकेक अक्षर तोंडाने पुटपुटत टाकला. चक्र फिरत राहिलं. पान उघडलं.

"आता नवा. लांबलचक घाल. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द. मला सांगू नकोस, आणि दुसरीकडे कुठे वापरलेला नको."

बाईंनी नवा पासवर्ड घातला. छोटीने 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढा' यावर बोट ठेवलं. एक्केचाळीसवाला नंबर उडवला. मग तिला खात्याच्या सेटिंगमध्ये खोलवर कुठेतरी एक नियम सापडला: ज्या पत्रात 'सुरक्षा' किंवा 'पासवर्ड' हा शब्द असेल ते थेट टोपलीत. तोही तिने काढला आणि बाईंच्या फोनवर दुसरं कुलूप बसवलं, म्हणजे पासवर्ड मिळाला तरी फोनवर 'हो' म्हटल्याशिवाय कुणाला आत येता येणार नाही.

चोरही तिकडे स्वस्थ बसलेला नव्हता. दहा पंचवीसला खात्याचा पासवर्ड विसरल्याचं कुणीतरी कळवलं आणि बाईंचा फोन थरथरला. 'हे तुम्हीच आहात का?'

"नाही दाब."

बाईंनी दाबलं. मिनिटाभरात पुन्हा तेच. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळीही नाही. तो कोण होता, कुठे होता, काही कळायला मार्ग नव्हता. पण तो या क्षणी जागा होता आणि दार ढकलत होता. चौथ्यांदा मात्र फोन वाजला नाही.

छोटीने पाठ खुर्चीला टेकली. "आता सांगा, या मशीनमध्ये नवीन काय टाकलंत?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे यजमान दारात उभे होते. निवृत्त आरेखक, उभा जन्म इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. त्यांनी लगेच कानांवर हात ठेवले. "मी कशाला काय टाकू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

छोटीने घरच्या मशीनमधल्या नोंदी उघडून बघितल्या. "दादा, बुधवारी संध्याकाळी सात वाजता अँटिव्हायरस बंद केलेला दिसतोय. बुधवारी सातला वहिनी कॉलेजच्या बैठकीत होती."

ते खुर्ची ओढून बसले.

"बाबांचा तो पाण्याने खराब झालेला फोटो आहे ना. तो नीट करायचा एक प्रोग्रॅम होता. विकतचा. एका ठिकाणी फुकट मिळाला. सोबत लिहिलं होतं की अँटिव्हायरस उगाच आरडाओरडा करतो, आधी तो बंद करा."

"आणि तू केलास."

"लिहिलं होतं तसं."

"अहो, चोराने सांगितलं कुत्रा बांधून ठेवा, आणि तुम्ही बांधलात!" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

छोटीला बाबा आठवतसुद्धा नव्हते; ते गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. ती क्षणभर दादाकडे बघत राहिली आणि मग पुन्हा लॅपटॉपकडे वळली. "तो प्रोग्रॅम आत शिरला की ब्राउझरने लक्षात ठेवलेले सगळे पासवर्ड उचलून नेतो. एका मिनिटाचं काम. वहिनी, या खात्यात काय काय होतं? नीट आठवून सांग."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पेपर," त्या म्हणाल्या.

सोमवारी अंतिम वर्षाची औषधशास्त्राची परीक्षा होती. बावीस केंद्रांवर. पेपर बाईंनी काढला होता. नियम असा की पेपर हाताने लिहायचा, पाकिटात घालून मोहोर लावायची आणि स्वतः नेऊन द्यायचा. पण बाईंचं मनगट दोन वर्षांपासून दुखत होतं. चार ओळींनंतर अक्षर वाकडं व्हायचं. म्हणून त्यांनी कच्चा मसुदा घरी टाईप केला, कॉलेजात छापता यावा म्हणून स्वतःलाच ईमेल केला, आणि त्यावरून बघून एकदाच सुवाच्य प्रत काढली. मसुदा पुसायचा राहून गेला होता.

"त्याने उघडला का ते कळेल?"

छोटीने पंधरा मिनिटं शोधलं. "नाही कळत. तो नऊ वाजून बारा मिनिटांपासून आत होता, साधारण तासभर. सगळं उतरवून घेतलं असेल किंवा नुसते पत्ते घेतले असतील. सांगता येत नाही."

यजमान हळूच म्हणाले, "अगं, हजारो पत्रं असतील त्यात. त्याला कुठे माहीत औषधशास्त्र कशाशी खातात? तू बोललीस तर तूच अडकशील. नियम तू मोडलास म्हणतील. सव्वीस वर्षांचं नाव आहे तुझं."

बाईंनाही तेच वाटत होतं, म्हणून तर ते ऐकवत नव्हतं. फाईलचं नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं: 'अंतिम पेपर'. इतकं सोपं नाव वाचायला औषधशास्त्र कळावं लागत नाही. आणि तो जर विकला गेला, तर मात्रा काढता न येणारी एखादी मुलगी हातात सुई घेऊन कुणाच्या तरी खाटेपाशी उभी राहील.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पेपरांचे गठ्ठे लांबच्या केंद्रांकडे एक वाजता निघणार होते.

त्यांनी परीक्षा नियंत्रकांना फोन लावला. दोन वाक्यं ऐकल्यावर ते म्हणाले, "फोनवर नको. इकडे या. लेखी घेऊन या."

अर्ज लिहायला कॉम्प्युटर नव्हताच. बाईंनी कागद ओढला आणि दुखऱ्या मनगटाने लिहायला घेतलं. तिसऱ्या ओळीला अक्षर तिरकं झालं तरी त्या थांबल्या नाहीत. 'मसुदा घरच्या संगणकावर तयार करणे नियमबाह्य होते. ती चूक माझी आहे.' नवऱ्याचा आणि फुकटच्या प्रोग्रॅमचा त्यात उल्लेख नव्हता. यजमानांनी खांद्यावरून ते वाचलं आणि गाडीची किल्ली घेतली.

रस्त्यात प्रत्येक सिग्नल लाल लागला. बाईंनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. यजमान मात्र दर मिनिटाला बघत होते. परीक्षा विभागाच्या आवारात एक टेम्पो मागचं दार उघडून उभा होता आणि दोन माणसं त्यात गठ्ठे चढवत होती.

नियंत्रकांनी अर्ज दोनदा वाचला. वयाने ते बाईंपेक्षा लहान होते.

"कुणी बघितल्याचा पुरावा आहे?"

"नाही."

"न बघितल्याचा?"

"तोही नाही."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, बाई."

"हो."

ते उठले, खिडकीशी गेले आणि खाली बघून ओरडले, "उतरवा! सगळं उतरवा! तिजोरीतला दुसरा संच काढा!"

दुसरा संच अशाच प्रसंगासाठी दुसऱ्या कुणीतरी काढलेला आणि आधीच छापून ठेवलेला असतो. कुणी, ते फक्त नियंत्रकांना ठाऊक. माणसं कुरकुरत गठ्ठे उतरवू लागली. टेम्पो दीड तास उशिरा निघाला, पण निघाला. तोवर बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या, आणि यजमान पायऱ्यांवर येरझारा घालत राहिले.

पुढे शिक्षा झालीच. लेखी ताकीद मिळाली, आणि तीन वर्षं पेपर काढण्याच्या कामातून वगळलं गेलं. कॉलेजात कुजबुज झाली. एक सहकारी म्हणाली, "एवढं कसं गं निष्काळजी राहिलीस?" तो मसुदा पुढे कुणाच्या हाती लागला का, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, छोटीने कॉम्प्युटर पूर्ण पुसून पुन्हा उभा केला. बाईंची टिपणं बाहेरच्या डिस्कवर होती. पण शेवटची प्रत चार महिन्यांपूर्वीची, त्यानंतरचं सगळं गेलं. छोटीने यजमानांना वेगळं खातं उघडून दिलं, ज्यातून नवीन काहीही टाकता येत नाही.

"म्हणजे मला घरातच परवाना काढावा लागणार," ते म्हणाले.

"वहिनीकडे अर्ज कर. हस्तलिखित," छोटी म्हणाली. त्या दोन दिवसांत बाई पहिल्यांदा हसल्या. मग तिघं बसून बाकीच्या एकूण एक खात्यांचे पासवर्ड बदलत राहिली. त्यातच दुपार सरली.

सोमवारी परीक्षा झाली. एक वाजता मुली घामाघूम होऊन बाहेर आल्या आणि बाईंना बघून घोळका करून उभ्या राहिल्या.

"बाई, काय पेपर होता! मात्रेची तीन गणितं! कुणी काढला होता हो?"

दरवर्षी या प्रश्नावर बाईंना खोटं बोलावं लागायचं.

"मला खरंच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दाखव बघू, तिसरं गणित कसं सोडवलंस?"