तड्यावरचा वाघ

मी एक जुनी कार्बनची सायकल आहे. माझ्या अंगावरचा चकचकीत रंग बघून हुरळून जाऊ नका, मित्रांनो. मलाच त्याची शिसारी येते.

माझा जन्म लांबच्या कारखान्यात झाला. बायकांनी कार्बनच्या धाग्यांच्या काळ्या कापडाच्या पट्ट्या, निऱ्या बसवाव्यात तशा हलक्या हातानं, एकीवर एक बसवल्या आणि मला साच्यात भाजून काढलं. बारामतीत आले तेव्हा जो तो मला एका हातानं उचलून बघायचा. "आरं, ही तर रिकाम्या किटलीपरीस हलकी!" तेव्हा असलं कौतुक गोड लागायचं.

माझा पहिला मालक दिग्विजय. भिगवण रस्त्यावर एका गतिरोधकावरून त्यानं मला उडवलं आणि आम्ही दोघं आपटलो. उठल्यावर त्यानं आधी मोबाईल पाहिला. मला नंतर. लोखंड वाकतं, तसं मी वाकत नाही. हँडलखालच्या सांध्यात मला केसाएवढा तडा गेला.

दुरुस्ती? छे! मोटारींना रंग देणाऱ्याकडं नेऊन त्यानं तड्यात पुट्टी भरली, वर लाल रंग मारला आणि त्यावर वाघाचा स्टिकर चिकटवला. त्या पुट्टीचा आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. लोक म्हणायचे, "काय दिसती राव!" आता ते कौतुक कडू लागायचं.

मग मला विकत घ्यायला वडगाव निंबाळकरची स्वराली आली. तिला शर्यतीत उतरायचं होतं. "एक ओरखडा दाखव, फुकट घिऊन जा," दिग्विजय हसत म्हणाला. पोरीनं घरी नेऊन मला झेंडूचा हार घातला, नेमकं वाघाच्या कपाळाला कुंकू लावलं. त्या मायेखाली मी काय लपवून उभी होते!

शर्यत चार दिवसांवर आली आणि चढावर मी कटकट वाजू लागले. स्वरालीचे चुलते म्हस्कूनाना म्हणाले, "त्याल सोड." तिनं तेल सोडलं. कटकट वाढली. शेवटी दोघांनी मला इंदापूरला फरहतभाभीकडं नेलं. भाभी उजनी धरणातल्या फायबरच्या होड्या सांधायच्या. अलीकडं माझ्यासारख्या सायकलीही.

भाभीनं नाण्यानं माझ्या नळ्या वाजवल्या. सगळीकडं टणटण; वाघावर मात्र ढप्प. तिनं स्टिकर सोलला, पुट्टी खरवडली आणि नाक मुरडलं.

"मधल्या नळीला आसतं, तर घासून, कापड आन रेझिनचा गोंद चढवून दिलं आसतं. ह्यो सांधाच गेलाय, बाळा. आतले पापुद्रे सुटल्यात. मी हात लावणार न्हाय."

"मग परत पुट्टी भरा की," नाना म्हणाले. "आपल्याकडं आली तशी फुडं जाऊ द्या. सांगवीचं एक पोरगं रोज इचारतंय. पैसं आलं की दुसरी घिऊ."

"माझ्या दुकानात आसली घाण न्हाय हुयाची, नाना."

"मग दुसऱ्याच्या दुकानात!"

स्वरालीनं तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "भाभी, करवत हाय का?"

"आगं येडे, इकत घेतलेली वस्तू कापतीस व्हय?" नाना ओरडले.

"नाना, उतारावर हँडल तुटून त्या पोराच्या हातात आलं, तर त्यो कुणाला जाब इचारायला येईल?"

नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं. भाभीनं करवत दिली. "तोंडाला फडकं बांध. हिची धूळ छातीत बसती." ती माझ्यावर पाणी ओतत राहिली आणि स्वरालीनं मला त्या सांध्यातच कापलं. आतून सुटलेल्या पापुद्र्यांचा काळा चिखल गळाला. इतकी वर्षं तो पोटात घेऊन मी मिरवत होते! अंगावरून पाल गेल्यासारखं झालं मला.

मित्रांनो, वस्तू पडते, तडकते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जपा, सांधा, सांधत नसेल तर मोडा. पण तडा रंगवून ती दुसऱ्याच्या लेकराखाली देऊ नका.

शर्यतीच्या दिवशी स्वराली रस्त्याकडेला उभी राहून दुसऱ्या पोरींना पाणी देत होती. घरी आली ती उन्हानं लाल होऊन. चपला भिरकावल्या, ओसरीवरच्या माझ्या तुकड्यांना एक लाथ घातली आणि आईवर उगाचच खेकसली.

खेकसू दे. धडधाकट पायांनी घरी येऊन खेकसते आहे.