मशीनची साक्ष

प्रबोधचा हात बाद करण्यात बसलेला होता. ऑफिसात दिवसाला शंभर बायोडाटे बाद करून तो घरी गाढ झोपायचा. ऑस्ट्रेलियात जाऊन सोनं शोधायचं खूळ डोक्यात शिरलं आणि त्याने मेटल डिटेक्टर घेतला, तेव्हा त्याला सगळ्यात भावलं ते त्यातलं डिस्क्रिमिनेशन. नको ते आधीच ठरवून टाकायचं, की मशीन त्यावरून मुकाट पुढे जातं. सरावाला परदेशातल्या त्याच्या घराजवळचा सेम्बावांगचा समुद्रकिनारा होताच, आणि तिथे बार्बेक्यूच्या फॉइलला तोटा नव्हता. त्याने स्वतःची लग्नातली जाडजूड अंगठी वाळूत ठेवली, मशीनच्या पडद्यावर उमटलेला तिचा आकडा पाहिला आणि त्याखालचं सगळं बंद केलं. आता कचरा वाजणारच नाही, असं तो येईल त्याला सांगायचा.

मे महिन्यात त्याच्या बायकोची, नीताची, मावसबहीण स्मिता महिन्याभरासाठी सांगलीहून आली. प्रबोध-नीताच्या दहा महिन्यांच्या श्रियाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून आपलं पाळणाघर शेजारणीवर सोपवून आली बिचारी. घटस्फोटानंतर त्या बारा मुलांवरच तिचं पोट होतं. आल्यावर दुसऱ्याच रविवारी किनाऱ्यावर श्रियाच्या बोटातली अंगठी गेली. प्रबोधच्या आईने बारशाला दिलेल्या जोडीतली, कागदासारखी पातळ. श्रिया तेव्हा स्मिताच्या मांडीवर होती.

प्रबोधने सकाळपासून दुपारपर्यंत वाळू पालथी घातली. मशीन गप्प.

“दाजी, त्या झाडाखालीच पडलीय. पुन्हा एकदा बघाल?” स्मिता म्हणाली.

“मशीन खोटं बोलत नाही, स्मिता. माणसं बोलतात.”

घरी आल्यावर नीताने बहिणीची बॅग पलंगावर उपडी केली. काही निघालं नाही, तर ते चोर हुशार असल्याचं लक्षण ठरलं. स्मिताने परकर पुन्हा घडी घालून भरले, आणि तिसऱ्या दिवशी तिला विमानात बसवलं. एवढ्यावरही थांबता आलं असतं. पण प्रबोधने नातेवाइकांच्या ग्रुपवर सभ्य भाषेत सविस्तर लिहिलं, मशीनच्या फोटोसकट. सांगली काही मोठी नाही. आठवड्याभरात पाळणाघरातली सात मुलं कमी झाली.

ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाची तिकिटं काढली. तिथल्या एका मुरलेल्या सोनेशोध्याला प्रबोधने आपलं सेटिंग फुशारकीने कळवलं. म्हाताऱ्याचं उत्तर आलं की बारीक सोनं फॉइलच्याच आकड्यावर वाजतं. डिस्क्रिमिनेशन बंद कर आणि सगळं खण. प्रबोध चिडला. त्याला खोटं पाडायला जोडीतली दुसरी अंगठी खिशात टाकून तो किनाऱ्यावर गेला. वाळूवर ठेवून वरून मशीन फिरवलं. गप्प. डिस्क्रिमिनेशन काढून फिरवलं. टिंग.

त्याचे पाय आपोआप त्या झाडाकडे वळले. मशीन सारखं वाजू लागलं. फॉइल निघालं, पुन्हा फॉइल, चॉकलेटची चांदी. सातव्या खड्ड्यात अंगठी होती.

खरं सांगायचं तर क्षणभर त्याला रडू आलं. माणूस अगदीच दगड नव्हता. मग त्याला तो ग्रुप आठवला, त्यातली चव्वेचाळीस माणसं आठवली, आईचा चेहरा आठवला, आणि रडू आलं तसं गेलं.

तेवढ्यात नीताचा फोन आला. स्मिताचा मेसेज आला होता, दर रविवारी यायचा तसाच: दाजींना पुन्हा बघायला सांग. आज एक वाक्य जास्त होतं. शेवटची दोन मुलंही उद्यापासून यायची नाहीत.

“तू तिथेच आहेस ना? काय कळवू तिला?” नीताने विचारलं.

“थांब जरा.”

त्याने अंगठी खड्ड्यात ठेवली, पायाने वाळू लोटली, डिस्क्रिमिनेशन पुन्हा चालू केलं आणि त्या जागेवरून मशीन हळूहळू दोनदा फिरवलं. आवाज आला नाही.

“कळव,” तो म्हणाला, “आत्ताच झाडाखाली नीट तपासलं. तिथे काही नाही.”