साफ म्हंजे किती साफ

पाटोद्याच्या स्टँडसमोर ख्वाजाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. पन्नाशी आली, तरी कुणाची फिरकी घेतल्याबिगर त्याला चहा गोड लागत न्हाई. त्या दिवशी सकाळीच शेजारचा झेरॉक्सवाला प्रवीण त्याच्या तावडीत घावला.

"ख्वाजाभाई, डॉक्टर म्हणला पाणी पी, लघवी साफ झाली पायजे. साफ म्हंजे किती साफ?"

डॉक्टरला म्हणायचं होतं मोकळी, न अडता. ख्वाजाला ते पक्कं ठाऊक. पण तोंड लांब करून तो म्हणला, "नळाच्या पाण्यावानी. पिवळा थेंब दिसला की किडनी गेली समज."

प्रवीणचं तोंडच उतरलं. तीन घंटे तो वीस लिटरच्या जारचं पाणी ढोसत राहिला, अन् दर खेपंला बाटलीत नमुना घेऊन आला. नमुना पाण्यासारखाच. ख्वाजा बाटली उन्हात धरायचा, एक डोळा मिटायचा.

"न्हाई बे, पिवळी झाक हाय अजून. मार दोन तांबे."

चहावाला हसून हसून गल्ल्यावर आडवा.

दुपारी प्रवीण भडाभडा ओकला. डोकं फुटतंय म्हणला. मग ख्वाजाकडंच बघून, "तुमी कोण?"

ख्वाजा हसला. ह्यो आता माझीच फिरकी घेतोय! पण प्रवीणचं अंग झटके द्यायला लागलं, डोळे पांढरे झाले, अन् ख्वाजानं त्याला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात प्रवीणची बायको माया धापा टाकत आली. "ऊन लागलं का हो ह्यांला?"

"तसंच दिसतंय," डॉक्टर म्हणले. "सिस्टर, ग्लुकोजची बाटली लावा."

बाटली लटकली. नळीतून पहिला थेंब निघाला. ख्वाजानं मायाकडं बघितलं. बोललो तर ही बाई जित्ता ठेवायची न्हाई. न्हाई बोललो, तर... दुसरा थेंब.

"थांबा सायेब! पाणी नका देऊ त्याला. अर्धा जार पिलाय त्यो. म्याच पाजला. गंमत म्हणून."

डॉक्टरांनी झडप घालून नळी बंद केली.

रक्ताचा रिपोर्ट आला. मीठ, म्हंजे सोडियम, एकशे अठरा. पायजे एकशे पस्तीसच्या वर.

"उन्हाळ्यात लघवी पिवळी होते, ती किडनी पाणी जपून ठेवते म्हणून," डॉक्टर दातओठ खात म्हणले. "जादा झालं की ती सोडूनही देते. पण तासाला लिटरभर, तेवढाच तिचा दम. तुम्ही वरून ओततच राहिलात. रक्तातलं मीठ पातळ झालं, मेंदूला सूज आली. आता मीठ चढवायचं, तेही हळूहळू. घाई केली तरी धोका."

माया वरडली न्हाई. त्यानं ख्वाजा जास्तच भ्याला.

"भाई, तुमी बाहीर बसा."

दोन घंटे तो बाकड्यावर बसला. दार वाजलं की उठून उभा राह्यचा. प्रवीणच्या लघवीची भरलेली पिशवी सिस्टर दोनदा त्याच्यासमोरून रिकामी करायला घेऊन गेली. जादा पाणी निघतंय का, हे तिला इचारायची त्याला हिंमत झाली न्हाई.

शेवटी डॉक्टर बाहीर आले. "बायकोला हाक मारली त्यानं. पण रात्रभर लक्ष ठेवावं लागेल."

ख्वाजा धावतच दारापाशी गेला. मायानं आडवा हात धरला.

"तुमी नका येऊ."

त्यानं मान डोलावली, अन् तिथंच फरशीवर बसून राहिला.